येळवशीची पाखरमोजणी

गुलबर्गा,
४ ऑक्टोबर १९३७

तीर्थरूप सौ. कमलअक्का हीस अच्युतचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र कामाचे आहे. आरंभीच सांगतो, म्हणजे शेवटी कोणी आजारी असल्याची बातमी निघेल या धास्तीने तू ते उलटे वाचणार नाहीस.

रियासत सरकारने एक समिती नेमली आहे. पडीक माळांपैकी कोणते नांगराखाली द्यावेत आणि कोणते पशुपक्ष्यांसाठी राखावेत, यावर तिने मार्चअखेर मत द्यायचे आहे. आजवर अशी मते शिकाऱ्यांच्या गप्पांवरून बनत. या वेळी बिदर, गुलबर्गा आणि उस्मानाबाद या तीन जिल्ह्यांत तेवीस ठिकाणी, एकाच दिवशी, एकाच नियमाने पक्षी मोजायचे ठरले आहे. त्या तेवीस निरीक्षकांना एका सूत्रात बांधण्याचे काम माझ्याकडे आले. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला पक्ष्यांतले काय कळते, असे तू विचारशीलच. उत्तर: फारसे नाही. समितीला पक्षी ओळखणारे पुष्कळ मिळाले. एकमेकांचे ऐकून घेणारे मिळाले नाहीत.

ज्या माळांविषयी वाद आहे त्यांत तुमचा मेहकरचा माळ येतो. तिथे माळढोक राहतो असे काही जण म्हणतात; तो केव्हाच नाहीसा झाला असे इतर म्हणतात. दोन्ही बाजू सारख्याच खात्रीने बोलतात, यावरून खात्री म्हणजे पुरावा नव्हे, एवढेच सिद्ध होते. माळढोकाला त्या माळावाचून चालत नाही असे दाखवता आले नाही, तर येत्या उन्हाळ्यात माळाचे तुकडे पाडून पट्टे वाटले जातील. एकदा नांगर फिरला की ते गवत पुन्हा उभे करण्याची विद्या माझ्या माहितीत कोणापाशी नाही.

मेहकरची मोजणी तू आणि दाजींनी करावी अशी विनंती आहे. दिवस १ जानेवारी. माझे काही निरीक्षक फसली सन पाळतात, काही हिजरी, काही शक. कोणा एकाच्या पंचांगाला मान दिला असा आक्षेप नको, म्हणून आपल्यापैकी कोणाचाच नसलेला इंग्रजी वर्षारंभ मी निवडला. नियमांचे दोन ताव सोबत जोडले आहेत.

अच्युत


मेहकर,
१६ ऑक्टोबर १९३७

चि. अच्युत यास अनेक आशीर्वाद.

पत्र उलटंच वाचलं. आधी नियमांचे दोन ताव हाती आले, मग तुझी सही, आणि बहिणीची चौकशी कुठंच न्हाई. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "तुझा भाऊ पत्र लिहायलाय का दावा दाखल करायलाय?" मी म्हटलं, लहानपणी तो लाडूसुद्धा कारण सांगून मागायचा.

पाखरं मोजायचं काम आम्हाला सांगू नको. ह्यांचे गुडघे धरलेत. शिवाय ह्या दिवसांत ह्यांची भालकीला तहसिलीत सारखी ये-जा चालू हाय. कशासाठी ते पुरुष कुठं सांगतात? तू रेवणसिद्धप्पाला लिही. त्याचं शेत माळाला लागून हाय, माणूस धट्टाकट्टा हाय, आणि तुझे दोन ताव वाचायला त्याच्या घरी माणसंही जास्त.

इथं यंदा तूर उत्तम. तू एकटा राहून काय खातोस ते कळव. हा माझा नियम एक.

तुझी अक्का


गुलबर्गा,
२४ ऑक्टोबर १९३७

ती. सौ. अक्का हीस सा. नमस्कार.

मी भाकरी, वरण आणि दही खातो. नियम एकचे पालन झाले. आता माझ्याकडे वळू.

रेवणसिद्धप्पाचे शेत माळाला लागून आहे, हेच त्याला न निवडण्याचे कारण. पट्टे वाटले गेले तर पहिला तुकडा तो मागेल. तो खोटे बोलेल असे मी म्हणत नाही. त्याने खरे सांगितले तरी त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि माझ्या कामापुरते या दोहोंत काही अंतर नाही. याउलट तुम्हा उभयतांचे त्या माळाशी कसलेही देणेघेणे नाही. तेवीस ठिकाणांत इतके निःस्वार्थ साक्षीदार मला दुसरीकडे मिळालेले नाहीत, हे मी समितीला कळवूनही टाकले आहे.

दाजींच्या गुडघ्यांविषयी: नियम पाच पाहावा. निरीक्षकाने चालायचे नसून बसून राहायचे आहे.

तुझे न्यून दाखवणे हा विनय आहे हे मी जाणतो. पण विनयाला इथे जागा नाही.

अच्युत


मेहकर,
१८ डिसेंबर १९३७

चि. अच्युत यास आशीर्वाद.

दोन महिने उत्तर दिलं न्हाई, कारण तुझ्या पत्राला काय उत्तर द्यावं ते सुचत नव्हतं. आता मोजणी आम्हीच करू. मी ठरवलंय आणि ह्यांना सांगितलंय.

परवा सरावासाठी माळावर जाऊन आले. चंडोल होते, तितर ओरडत होते, एक ससा माझ्याकडं बघून विचारात पडला होता. माळढोक एकही न्हाई. परत येताना रेवणसिद्धप्पाच्या तुरीत एकाची मान दिसली. खाली हरभऱ्याकडं आणखी दोन. म्हणजे दिवसभर ते शेतात चरतात, आणि तुझ्या नियमाप्रमाणं मी मोजायचे माळावरचे. पहिल्या तारखेलाही असंच झालं तर कागदावर शून्य पडेल आणि माळ जाईल. ह्याचा विचार केलास का?

दुसरं. पंचांग उघडलं तर तुझी पहिली जानेवारी म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या, येळवस. विसरलास काय? त्या दिवशी गावात मांजरसुद्धा राहत न्हाई. सगळी दुनिया गाड्या जुंपून शेतात. कडब्याची कोप घालायची, पांडव पुजायचे, पिकावर अंबिल शिंपडत आरोळ्या द्यायच्या, भज्जी नि उंडे खायचे. एवढ्या गोंगाटात तुझा कुठला पक्षी मोजून घ्यायला थांबतोय? कुणाच्याच पंचांगाचा न्हाई म्हणून दिवस निवडलास, आणि निघाला तो आपल्याच सणाचा. दिवस बदल.

तुझी अक्का


गुलबर्गा,
२३ डिसेंबर १९३७

ती. सौ. अक्का हीस सा. नमस्कार.

तुझे पत्र आज मिळाले. दिवस बदलता येणार नाही. बावीस जणांना नवी तारीख वेळेत पोहोचणार नाही. निम्मे एका दिवशी आणि निम्मे दुसऱ्या दिवशी मोजतील, आणि एकच पक्षी दोनदा मोजला गेला की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

शिवाय तुझा आक्षेप मला पटत नाही. माणसे शेतात असतील, निरीक्षक माळावर. आपण माणसे मोजत नाही. तेव्हा सण हा या प्रश्नाशी असंबद्ध आहे.

शेतात चरणारे पक्षी माळावर दिसणार नाहीत, ही तुझी शंका मात्र योग्य आहे आणि तिला माझ्याजवळ उत्तर नाही. नियम करताना ती मला सुचायला हवी होती. शून्य आले तर शून्य लिहावे.

अच्युत


मेहकर,
४ जानेवारी १९३८

चि. अच्युत यास अनेक आशीर्वाद.

कागद सोबत हाय, पण आधी हे वाच.

उजाडायच्या आत आम्ही दोघं माळाच्या टेकाडामागं जाऊन बसलो. हे वाटेतच म्हणाले, "वर्षाचा सण, आणि मी बायकोबरोबर गवतात." सूर्य वर आला. चंडोल, तितर, बाकी काही न्हाई. शून्य लिहायला मी पेन्सिल काढली.

तेवढ्यात गाड्या निघाल्या. चहूकडून घुंगरं. बघता बघता प्रत्येक शेतात कोप, कोपीभवती माणसं, लेकरं, सोयरे, आणि सगळीकडून आरोळ्या. मी ह्यांना म्हटलं, संपलं, चला जेवायला. ह्यांनी नुसता माझा हात दाबला.

रेवणसिद्धप्पाच्या तुरीतून एक उठला. केवढा जड, अच्युत, वाटतं ह्याला उडता येणारच न्हाई, आणि मग पंख पसरून असा सावकाश येतो, जणू कुणाला भेटायला निघालाय. आला तो आमच्या समोर उतरला. मग हरभऱ्याकडून दोन. मग नदीच्या अंगानं एकामागून एक. ज्या शेतात आरोळी उठेल तिथून उठायचा आणि माळावर यायचा. मी उभी राहायला गेले तर हे, "खाली बस. तुझं लुगडं भालकीवरून दिसायलंय."

इतक्यात रेवणसिद्धप्पा आम्हाला जेवायला बोलवायला आला, लांबूनच ओरडत. "श्रीपतअण्णा, सणाच्या दिवशी गवतात कामून लपलात? वैनींनी घराबाहेर काढलं काय?"

ह्यांनी नुसतं हातानं खाली दाबल्यासारखं केलं. तो एवढा दांडगा माणूस, नवं धोतर, पण आडवा झाला. सरकत आमच्यापाशी आला, गवत बाजूला सारून बघितलं.

"माझ्याच रानात चरत्यात की ही रोज," म्हणाला. "एक हिकडं, एक तिकडं. अशी एका जागी न्हाई बघितली कवा."

"मग आज हिकडं कामून आली?" ह्यांनी विचारलं.

"आज माझ्या रानात माझी सासुरवाडी उतरलीया, अण्णा. मीच हिकडं आलोय, तिथं त्यांची काय कथा?"

आम्ही तिघं तोंडात पदर, उपरणं कोंबून हसलो. पाखरं हलली न्हाईत.

माझे तेरा झाले, ह्यांचे चौदा. भांडलो. तुझा नियम नऊ म्हणतो, मतभेद असल्यास लहान आकडा घ्यावा. तेरा लिहिले. ह्यांना अजून त्या चौदाव्याचं दुःख हाय.

आता जे लिहायचं ते लिहिते. ह्यांनी श्रावणातच त्या माळातल्या तुकड्यासाठी दरखास्त दिली हाय. भालकीच्या खेपा त्यासाठीच. आमची जमीन चार भावांत वाटलेली. स्वतःचा एक सलग तुकडा असावा ही ह्यांची फार दिवसांची इच्छा. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तुला टाळत होते. 'कसलेही देणेघेणे नाही' हे तू लिहिलंस ते वाचून हे हसले. मला हसू आलं न्हाई.

त्या संध्याकाळी गाडीतून घरी येताना ह्यांनीच विषय काढला. "अच्युतरावांना कळव. उद्या दुसऱ्याकडून कळलं तर तुझ्या तेराचं शून्य करतील." तेव्हा कळवते. रागावशील तर जेवून मग रागव.

तुझी अक्का


गुलबर्गा,
१५ जानेवारी १९३८

ती. सौ. अक्का हीस सा. नमस्कार.

जेवलो, आणि रागावलो नाही. कारणे खाली देतो.

सर्व कागद आले. तेवीसपैकी वीस ठिकाणी शून्य. हुलसूरला दोन, अफजलपूरला भीमेकाठच्या कुरणात तीन, मेहकरला तेरा. जवळजवळ प्रत्येकाने सणाची तक्रार केली आहे. एका निरीक्षकाने पक्ष्यांच्या रकान्यात 'भज्जी उत्तम' असे लिहिले आहे. अफजलपूरचे मुकुंदराव विचारतात, ही तारीख पंचांग न पाहता कोणी काढली? दोन दिवस मी असेच धरून चाललो होतो की माझ्या एका चुकीने सगळे काम वाया गेले. मी सण असंबद्ध म्हटला होता. तो या मोजणीतला सर्वांत संबद्ध भाग निघाला.

तिसऱ्या दिवशी तुझे पत्र पुन्हा वाचले, आणि रेवणसिद्धप्पाच्या सासुरवाडीपाशी थांबलो. आपण विचारत होतो, माळढोक माळावर असतो काय. इतर दिवशी याचे उत्तर 'नसतो' असेच आले असते, आणि माळ गेला असता. येळवशीने दुसराच प्रश्न विचारला: शेतात राहणे अशक्य झाले तर तो कोठे जातो? सरकारने हुकूम काढला असता तरी तीन जिल्ह्यांतली माणसे एकाच दिवशी शेतात नेऊन बसवता आली नसती. येळवशीने ते फुकट केले. सगळी शेते एकाच वेळी बंद झाली आणि तीनच दारे उघडी राहिली. त्यांतले सर्वांत मोठे मेहकरचे. ते नांगरले, तर पुढल्या येळवशीला ते पक्षी उठतील, पण उतरणार कोठे? हे मी समितीपुढे मांडीन. आणि तारीख चुकून निवडली गेली होती, हेही.

आता दरखास्तीविषयी. तुम्ही निःस्वार्थ आहात असे मी समितीला लिहिले होते. ते चूक होते आणि ते दुरुस्त करावे लागेल. दाजींनी स्वतःच्या हाताने तसे लिहून द्यावे. मात्र यामुळे तुमची साक्ष हलकी होत नाही. निःस्वार्थ माणसाच्या साक्षीला वजन असते. पण ज्याच्या बोलण्याने त्याचेच नुकसान होणार आहे, त्याच्या साक्षीला त्याहून अधिक असते. माळ मिळावा अशी इच्छा असलेला माणूस जेव्हा म्हणतो की माळावर तेरा माळढोक आहेत, तेव्हा त्याच्यावर संशय घेण्यासारखे काहीही उरत नाही.

दरखास्त ठेवावी की काढावी याविषयी मी एक अक्षरही लिहिणार नाही. तो तुकडा दाजींना किती हवा आहे, हे मला आता समजले.

अच्युत


मेहकर,
२५ जानेवारी १९३८

चि. अच्युत यास आशीर्वाद.

खाली ह्यांनीच लिहिलंय. मी शुद्धलेखन बघितलं न्हाई, तूही बघू नको.

"रा. रा. अच्युतराव यांस श्रीपतरावाचे सप्रेम नमस्कार. समितीसाठी निराळा कागद जोडला आहे. त्यात दरखास्तीचा नंबर आणि माझी सही आहे. तुमचं पत्र आलं तेव्हा मी दरखास्त मागं घ्यायला भालकीला निघालो होतो. गाडी जुंपलेली. तुमच्या अक्कानं पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि म्हणाली, थांबा. नुकसान होणाऱ्याची साक्ष जड, असं भाऊ म्हणतोय. दरखास्तच काढली तर तुमचं नुकसान कुठून होणार? आणि नुकसान न्हाई तर वजन न्हाई. मी बैल सोडले. दरखास्त जिवंत ठेवली आहे. ती समितीनं आपल्या हातानं नामंजूर करावी, एवढीच आता इच्छा. रेवणसिद्धप्पानंही साक्षीदार म्हणून सही केली आहे. त्याचाही त्या जमिनीवर डोळा होता हे त्यानं स्वतः खाली लिहिलं आहे, न विचारता. पक्षी चौदा होते."

बघ. दोघांना मिळून माळ हवा होता, आणि दोघं मिळून तो आपल्याला मिळू नये म्हणून सह्या करायलेत. यल्लम्मा, रेवणसिद्धप्पाची बायको, मला म्हणाली, "अक्का, आपले नवरे त्या गवतात काहीतरी खाऊन आलेत."

तुझी अक्का


गुलबर्गा,
६ मार्च १९३८

ती. सौ. अक्का हीस सा. नमस्कार.

तुझी उपपत्ती निर्दोष आहे. माझ्या वर्गात इतक्या वर्षांत ती कोणी मांडली नाही, आणि वर्गात बैलही नव्हते.

काल समितीची बैठक झाली. मी आधी तारखेची चूक सांगितली. अध्यक्षांनी विचारले, चुकून झालेल्या प्रयोगाला प्रमाण कसे मानावे? मी म्हणालो, प्रयोग कोणी रचला यावर त्याचे खरेपण ठरत नाही. तो कोणाच्या सोयीने रचला नव्हता हेच इथे त्याचे बळ आहे. मग एका सभासदाने विचारले की मेहकरचे साक्षीदार माझे नातेवाईक आहेत हे खरे काय. मी 'होय' म्हणालो आणि दाजींचा कागद वाचून दाखवला. 'पक्षी चौदा होते' या वाक्यापाशी, जे त्यांनी समितीच्या कागदावरही लिहिले होते, मंडळी हसली. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी कागद मागून घेतला, स्वतः वाचला, आणि म्हणाले की स्वतःच्या विरुद्ध असूनही आणखी एका पक्ष्यासाठी भांडणारा अर्जदार त्यांनी पाहिला नव्हता.

निर्णय असा. मेहकरचा माळ नांगराखाली द्यायचा नाही. हुलसूर आणि भीमेकाठचे कुरणही राखायचे. चैत्र ते भाद्रपद तिन्ही ठिकाणी शिकारबंदी. मोजणी दरवर्षी, सर्व रियासतीत; आणि आपल्या तीन जिल्ह्यांत ती येळवशीलाच व्हावी, असा ठराव मुकुंदरावांनी मांडला, ज्यांनी मला तारखेवरून सर्वांत जास्त फैलावर घेतले होते. तो एकमताने झाला.

दाजींची दरखास्त नामंजूर झाली आहे. त्यांना माझ्याकडून अभिनंदन सांगावे. हे वाक्य मी तपासून पाहिले. ते बरोबर आहे.

पुढल्या येळवशीला मी मेहकरला येत आहे. अंबिल चालेल.

अच्युत


मेहकर,
२ जुलै १९३८

चि. अच्युत यास अनेक अनेक आशीर्वाद.

माळाच्या कडेनं दवंडी फिरली तेव्हा हे स्वतः दवंडीवाल्याच्या बरोबर चालले. गुडघ्यांचं नाव न्हाई. आता रोज सकाळी जातात. परवा रेवणसिद्धप्पाची गाडी माळातून आडवी निघाली तर ह्यांनी अडवली. तो म्हणाला, "अण्णा, दरखास्त तर नामंजूर झाली तुमची, मग रुबाब कसला?" हे म्हणाले, "मंजूर झाली असती तर तुकड्याचा मालक झालो असतो. आता सगळ्याचा हाय." गाडी वळवून नेली त्यानं, आणि संध्याकाळी वाटीभर लोणी पाठवलं.

मागल्या आठवड्यात ह्यांनी मला बरोबर नेलं. नर टेकाडावर उभा होता. शेपूट उचलून पाठीवर घेतलेलं, गळ्याची पिशवी फुगवून जमिनीपर्यंत लोंबवलेली, आणि पोटातून असा हुंकार, की मला वाटलं लांब कुठंतरी कुणी मोठ्या घागरीत बोलायलंय. वीस पावलं चालायचा, थांबायचा, पुन्हा. ह्यांनी हळूच विचारलं, "कसा हाय?" मी म्हटलं, तुम्ही लग्नात असेच उभे होतात. दिवसभर बोलले न्हाईत माझ्याशी, पण जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आणि आता बातमी. अंडं हाय. एकच असतं, उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला. ह्यांनी काल बघितलं आणि लगेच पाठ फिरवून आले.

तुझ्या समितीला कळव. कुठं हाय ते लिहायला मात्र नवा नियम करू नको. ते ह्यांनी मलासुद्धा सांगितलेलं न्हाई.

तुझी अक्का